मधली बरी वर्षं

खासबागेत सकाळपासून लाईट नव्हती. घरातले दोन्ही माग गप्प होते, म्हणूनच दारावरची थाप दुर्गाबाईंना ऐकू आली. त्यांनी हात पदराला पुसत दार उघडलं आणि समोरच्या बाईकडं बघत उभ्या राहिल्या. केस बरेच पांढरे, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला कापडी पिशवी.

"आक्का, वळकलं न्हाय व्हय?"

आवाजावरून ओळखलं. धाकटी जाऊ, स्वरूपा. ह्याच उंबऱ्यावरून ती बोरगावला माहेरी गेली तेव्हा कडेवर नुकतीच बोलायला शिकलेली पोरगी, सौम्या, होती. त्याला आता पंचवीसेक वर्षं होत आली. मधल्या काळात स्वरूपानं अंगणवाडीत नोकरी केली, पोरगी शिकवली, निपाणीत तिचं लग्न करून दिलं. हे सगळं दुर्गाबाईंना दुसऱ्यांच्या तोंडून कळलं होतं. लग्नाचं आवतण आलं नाही, आणि का आलं नाही म्हणून ह्या घरातनं कोणी विचारलंही नाही.

"ये की आत. दारात का थांबलीस?"

स्वरूपा आत आली. तिची नजर पलीकडच्या खोलीकडं गेली. तिथं तिचा नवरा राजकुमार जमिनीवर बसून हाताच्या रहाटावर सुताच्या कांड्या भरत होता. डोकं खाली, अंग सुटलेलं, उजव्या हाताला बारीक कंप. आणि ओठ चाललेले, काहीतरी चघळत असल्यासारखे, थांबायचं नाव नाही. बोळातली पोरं म्हणायची, राजूकाका भुतासंगं बोलतोय. घरातलेही मनात तेच समजत.

स्वरूपानं मान दुसरीकडं वळवली. "अण्णा हाईत न्हवं घरात? मला त्यास्नीच इचारायचं हुतं."

दुर्गाबाईंचे यजमान यमनाप्पा माडीवरून खाली आले, भावजयीला बघून पायरीवरच थांबले. नमस्कार झाला. चहा ठेवायला दुर्गाबाई उठल्या तसं स्वरूपानं त्यांचा हात धरला.

"चहा नको, आक्का. सौम्याला दवाखान्यात ठिवलंय. हितंच, बेळगावात."

"काय झालं गं?"

"बाळंत हून दोन म्हयनेबी झाले न्हाईत. पोरगा झालाय. पयले दिवस बरी हुती, मग झोपच गेली. बोलतीया ती बोलतीयाच. घरातली सगळी भांडी काढून अंगणात मांडली, म्हणती, हाटेल घालणार, शंभर माणसं कामाला ठिवणार. परवा पहाटं बाळाला घिऊन हायवेवर चालत निघाली. इचारलं तर म्हणती, देवी बोलवायलीया." तिचा आवाज खाली आला. "नागेंद्रनं माघारी आणली. जावई चांगला हाय. त्याची आई मात्र म्हणायली, बापाचं उतरलं, आता ह्यी जल्मभर अशीच."

आतला रहाट थांबला होता, ते दुर्गाबाईंच्या लक्षात आलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बापाला काय हुतं?" स्वरूपा सांगत होती. "मी रोगाचं नाव सांगिटलं. त्या म्हणाल्या, नाव नको, ते कशावरनं ठरीवलं ते सांगा. मी चार वर्षं तर हुते ह्या घरात. म्हणून आले. तुमी एकदा यायला पायजे, अण्णा."

यमनाप्पांनी पायरीचा कठडा धरला. "कशावरनं म्हंजे? तवाच्या मोठ्या डॉक्टरनं ठरीवलं. सिझोफेनिया. कागदाव कानडीत, इंग्लिशमधी, सगळ्यात तेच लिवलंय. दर म्हयन्याला सुई चालू हाय. आता त्यात उकरायचं काय ऱ्हायलंय?"

"पोरीसाठी, अण्णा."

"पोरीसाठीच म्हणतोय. आमच्या घरचं नाव तिच्या कपाळाला कशाला चिकटवायलीस?"

"मी येतो," आतून आवाज आला.

तिघांनीही वळून बघितलं. राजकुमार दारात उभा होता, सदऱ्याची बटणं लावत. हात कापत असल्यामुळं बटण काजात जात नव्हतं. दुर्गाबाईंना सवयीनं पुढं व्हावंसं वाटलं, पण स्वरूपा समोर होती म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अण्णा नसला येत तर मी येतो," तो म्हणाला. "मला झालतं न्हवं ते."

*

यमनाप्पा शेवटी आले. भावाला एकट्यानं कुठं पाठवायची त्यांना सवय नव्हती. दुर्गाबाईही बरोबर निघाल्या.

दवाखान्याच्या बाकावर बसून ते समोरच्या भिंतीकडं बघत होते. बाळाला घिऊन हायवेवर. सकाळपासून तेवढं एकच वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

राजकुमारनंही तेच केलं होतं. त्या वर्षी पावसात तो कितीतरी रात्री झोपला नव्हता. नवीन नवीन नक्ष्या काढायचा, म्हणायचा, खासबागेपासून कणकुंबीपर्यंत पुरंल अशी एकच साडी विणून तिथल्या माउली देवीला नेसवतो. मग एक दिवस बायको नळावर गेलेली बघून त्यानं सौम्याला उचललं आणि कणकुंबीची वाट धरली. सारं गाव शोधत होतं. दुसऱ्या दिवशी जांबोटीच्या पुढं रानात सापडला, अंगावर धड कपडा नाही, पोरगी तापानं फणफणलेली. तो मात्र हसत होता. "अण्णा, बघ की, पाऊस माझ्यासंगं बोलाय लागलाय."

पोरगी वाचली. पण त्या दिवसापासून यमनाप्पांना भावाची भीती बसली, आणि ती कधी गेली नाही.

आतून बोलावणं आलं. डॉक्टर हिरेमठ पन्नाशीच्या आतल्या, साध्या सुती साडीतल्या बाई होत्या. "बर्री, कूडरी," म्हणून त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि मग मराठीवर आल्या. सौम्याचा नवरा नागेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला. निपाणीच्या शाळेत शिकवणारा, शांत पोरगा. दोन दिवसांची दाढी वाढलेली.

डॉक्टरांनी आधी राजकुमारलाच विचारलं. किती झोपता, काय खाता, कानात कोणी बोलतं का.

"न्हाय," राजकुमार म्हणाला.

"कधीपासून नाही?"

त्यानं सवयीनं भावाकडं बघितलं. डॉक्टरांनी ते टिपलं. त्या यमनाप्पांकडं वळल्या.

"पहिल्यांदा कधी झालं ह्यांना?"

"लग्नाच्या आदी एकदा. मग पोरगी झाल्याव."

"आणि त्या दोन्हींच्या मध्ये?"

"मधी काय?"

"मध्ये कसे होते? पूर्ण बरे? काम करायचे? की थोडं थोडं चालूच असायचं, संशय, आवाज, एकटं बसणं?"

यमनाप्पांना हाच प्रश्न आठवत होता. तेव्हाही एका डॉक्टरनं असाच, खाली बघून, लिहिता लिहिता विचारला होता. बाहेर राजकुमारला चौघांनी धरून ठेवलं होतं. मधे बरा असतो म्हटलं तर चार दिवसांत घरी पाठवतील, असं त्यांना वाटलं होतं. घरी पोरगी तापानं निजलेली.

"चालूच असायचं," ते म्हणाले. "कवा पुरता बरा न्हवताच त्यो."

तेव्हाही अगदी ह्याच शब्दांत सांगितलं होतं.

"असं कसं म्हणता?" दुर्गाबाई म्हणाल्या.

खोलीत सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्या नवऱ्याच्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"तुम्ही सांगा, बाई," डॉक्टर म्हणाल्या.

"पयला झटका आला तवा मी नवीन लग्न हून आलेली. म्हयनाभर तसं हुतं, मग म्हयनाभर हातरुणात पडून हुते, रडायचे, जेवायचे न्हाईत. त्यानंतर बरे झाले. म्हंजे पुरते बरे. दोन वर्षं माग भावजीनीच चालीवला." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं नाही. "सांगलीस्नं नक्षी बगायला माणसं यायची. माझ्या धाकट्या भणीचं लगीन ठरीवलं ते भावजीनीच, मध्यस्ती करून. तवा कुटला आवाज न्हाय, काय न्हाय. बरे हुते म्हणून तर स्वरूपाचं स्थळ बगितलं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" यमनाप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"घरात मीच हुते की दिवसभर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आवाज ऐकू यायचे ते कधी? झोप उडायची, अंगात जोर यायचा, तेव्हाच? की एरवीही?"

"तवाच. तसली झोप उडाली की मी वळकायचे, आता ह्ये चढणार. गाणी सुरू व्हायची. उतरलं की हातरूण धरायचे. आणि मग बरे."

"हे त्या वेळी डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"मी घरात पोरीजवळ हुते. मला कोण इचारतंय?"

स्वरूपानं मान खाली घातली होती. तेव्हा ती डॉक्टरच्या त्या खोलीत होती. दिरानं "कवा पुरता बरा न्हवताच" म्हटलं तेव्हा शेजारी बसून होती. आदल्या रात्री वडील बोरगावहून आले होते आणि म्हणाले होते, त्ये काय सांगतील ते सांगू दे, तू मधी बोलू नको, तुला न्यायचं हाय मला हितनं. ती बोलली नव्हती. राजकुमारबरोबरच्या पहिल्या दोन वर्षांत त्यानं तिला कधी टाकून बोललेलं तिला आठवत नव्हतं, तरी बोलली नव्हती.

डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसल्या. मग सावकाश बोलल्या.

"हे बघा, ह्या आजारांना रक्ताची तपासणी नाही, फोटो काढून दिसत नाही. आमच्याकडं दोनच गोष्टी, पेशंट काय बोलतो आणि घरचे काय सांगतात. स्किझोफ्रेनिया म्हणायचं तर ते महिनोन्‌महिने टिकून राहायला लागतं, आणि आवाज, संशय हे मन चढलेलं नसताना, उतरलेलं नसतानाही दिसायला लागतात. चढ-उताराबरोबरच येत असतील आणि मधे माणूस पूर्ण बरा होत असेल, तर आम्ही दुसऱ्या आजाराचा विचार करतो. मनाच्या चढ-उताराचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, त्या दिवशी बघणाऱ्याला तर फरकच कळत नाही."

"म्हंजे तवाचा डॉक्टर चुकला?" यमनाप्पा म्हणाले.

"त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून मीही तेच लिहिलं असतं. पॅरानॉईड प्रकार, असं लिहिलेलं असणार. तेव्हा ह्या रोगाचे असे पोटप्रकार पाडायचे. आता पुस्तकातनं ते प्रकारच काढून टाकलेत, कारण आज एका प्रकारात असलेला माणूस उद्या दुसऱ्यात दिसायचा. नाव हे एकदा लिहून ठेवायचं नसतं. परत परत तपासून बघायचं असतं. ह्यांचं कोणी परत बघितलं?"

"म्हयन्याला सुई देत्यात," दुर्गाबाई म्हणाल्या. "कंपौंडरच देतंय. डॉक्टर बगत न्हाईत."

"मी आजच नाव बदलत नाही. चार-पाच वेळा भेटायला लागेल. पण मला शंका आहे, आणि ती बरीच आहे."

राजकुमार इतका वेळ ऐकत होता. त्यानं कापणारा हात दुसऱ्या हातानं धरला आणि विचारलं, "माझे ओठ हालत्यात, ते कशानं? म्या कुणासंगं बोलत न्हाय."

डॉक्टर उठून त्याच्यासमोर आल्या, जीभ बाहेर काढायला लावली, बोटं टेकवायला लावली, आणि परत खुर्चीवर बसल्या.

"ते आजारानं नाही. इतकी वर्षं सुई घेतल्यानं होतं ते."

"ती थांबीवली तर जाईल?"

"सुई एकदम थांबवायची नाही. हळूहळू बदलून बघू. पण ओठांचं... कमी होईल कदाचित. जाईलच असं मी सांगू शकत नाही."

"बरं," राजकुमार म्हणाला.

दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. कितीतरी वेळा त्यांनी त्याला दटावलं होतं, भावजी, कुणासंगं बोलायलाय, पावणे आल्यात, गप ऱ्हावा जरा. त्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं.

भिंतीजवळचा नागेंद्र पहिल्यांदाच बोलला. "मॅडम, मला एवढंच सांगा. सौम्या पहिल्यासारखी होईल का?"

"बाळंतपणानंतर आलंय, मन चढलेलं दिसतंय, आणि वडिलांचंही हे असं असेल तर मला आशा वाटते. औषध लागेल, पुढच्या बाळंतपणात तर फार जपायला लागेल. पण घरी आईंना सांगा, जन्मभर अशीच, हे अजून कोणी ठरवलेलं नाही. आणि ती बरी झाली की बरी आहे असं म्हणा. ते घरच्यांनी म्हणायला लागतं."

*

व्हरांड्यात यमनाप्पा एकटेच खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. दुर्गाबाई त्यांच्याजवळ गेल्या नाहीत. त्या स्वरूपाशेजारी बाकावर बसल्या. त्या घरात बायको कधी नवऱ्याला सोडून जावेशेजारी बसली नव्हती, आणि दोघींनाही ते जाणवलं.

"तू हुतीस न्हवं तवा त्या खोलीत?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"हुते."

मग स्वरूपाच पुढं म्हणाली, "मी सौम्याला सांगायचे, तुझा बाबा आजारी हाय, वळकणार न्हाय तुला. एकदा तिनं लई हट्ट केला, दहावीत असताना. बेळगावला जाऊन बगून येतो म्हणली. मी न्हाय सोडलं."

"दहावीत असताना म्हंजे..." दुर्गाबाई हिशेब करत थांबल्या. "तवा बरे हुते ते. गणपतीची आरास केलती. सगळ्या गल्लीनं बगितलीती."

"कळवायचं न्हाय व्हय, आक्का?"

"कुनाला कळवू? तुमी तर तोडून टाकलेलं."

"तुमीच पाठीवलंसा आमाला."

दोघींच्याही आवाजात भांडण नव्हतं. भांडायचं वय आणि वेळ दोन्ही मागं पडलं होतं. स्वरूपानं चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. "मला तवा वाटलं, पोरगी तरी वाचली," ती म्हणाली. "तेवढंच धरून बसले."

राजकुमार डॉक्टरांच्या खोलीतून सगळ्यात शेवटी बाहेर आला. खिडकीजवळ भाऊ, बाकावर बायको आणि वहिनी. कोणाकडं जावं हे न कळून तो मधेच थांबला. मग स्वरूपाजवळ आला. इतक्या वर्षांनी ते पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते.

"तिला बगू का?"

"बगा की," स्वरूपा उठत म्हणाली. "पर ती काईबी बोलतीया. मनाला लावून घिऊ नका."

"ते मला म्हाईत हाय," राजकुमार म्हणाला.

*

सौम्या खाटेवर मांडी घालून बसली होती. केस मोकळे, डोळे चकाकत होते, बोलून बोलून घसा बसला होता. समोर कोणी नव्हतं तरी ती बोलत होती. खोलीत तिच्या आईबरोबर शिरलेला म्हातारा दिसणारा माणूस बघून ती थांबली.

"तुमी कोण? डॉक्टर न्हाय. डॉक्टरांचे बूट पॉलिशचे असतात."

"मी राजकुमार," तो म्हणाला. "तुझा बाबा."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं झालं आला. बसा. मला माणसं पायजेतच. हाटेलात हिशेबाला घरचंच माणूस पायजे. तुमाला कानडी येतंय न्हवं? आणि हे झोपा झोपा म्हणतात मला, मी न्हाय झोपणार. झोपलं की सगळं बंद पडतंय. आता सगळं किती स्वच्छ दिसतंय, तुमाला न्हाय कळायचं."

तो स्टूल ओढून बसला. तिचा शब्दन्‌शब्द त्याला कळत होता. झोपलं की बंद पडेल ही भीती, आणि स्वच्छ दिसणं. घरात, दवाखान्यात, कुठल्याच माणसाच्या तोंडून त्यानं हे कधी ऐकलं नव्हतं.

"मला कळतंय," तो म्हणाला. "मलाबी पाऊस बोलायचा. लई ग्वाड बोलायचा."

सौम्या त्याच्याकडं बघत राहिली.

"ते उतरतंय, बाळ. आपुआप उतरतंय, औषिदानं लवकर उतरतंय. उतरल्याव मातूर लई वाईट वाटतंय. लाज वाटती. उटू नये वाटतंय. तवा कुनीतरी जवळ पायजे. मी येतो. रोज येतो म्हण."

"तुमचं उतरलतं?"

"व्हय. लई डाव उतरलं. उतरलं की चांगला असायचो मी, वर्ष वर्ष."

ती पुढं झुकली. चढलेल्या मनाला जे थेट दिसतं ते तिला दिसलं, आणि तिनं ते थेट विचारलं.

"मग तवा आला का न्हाईसा मला बगायला?"

स्वरूपानं खिडकीकडं तोंड फिरवलं. दारात यमनाप्पा येऊन थांबले होते, त्यांच्यामागं दुर्गाबाई. राजकुमारनं भावाकडं बघितलं नाही. त्याचे ओठ हलत होते, आणि ह्या वेळी ते खरंच शब्द शोधत होते.

"सगळे म्हणायचे, तू बरा न्हाईस," तो म्हणाला. "बरा असलो तरी म्हणायचे, सुईनं दबलंय, बरा न्हाईस. मग मीबी तसंच धरून चाललो. मी मधी बरा हुतो, ह्ये मला आज कळलं, बाळ."

सौम्यानं ते किती ऐकलं कोण जाणे. ती हाटेलाच्या पाटीवर कुठली अक्षरं रंगवायची, कानडी वर की मराठी, हे सांगायला लागली होती. राजकुमारनं स्टूल आणखी जवळ ओढलं आणि ऐकत राहिला. यमनाप्पांनी आत यायला एक पाऊल टाकलं, तिथंच थांबले, आणि दाराच्या चौकटीला धरून तसेच उभे राहिले. आत या म्हणून त्यांना कोणी म्हटलं नाही.